दोन बाटल्यांचा बायोरिॲक्टर: पीस लिलीची रोपं प्रयोगशाळेत कशी वाढवावी

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या कोंबापासून बाटलीत निर्जंतुक रोपं वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत सगळ्यात महाग काय, असं विचारलं की नवखा माणूस ऑटोक्लेव्हकडे (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) नाहीतर लॅमिनारकडे (गाळलेल्या हवेचं निर्जंतुक कामाचं टेबल) बोट दाखवतो. खरा खर्च लॅमिनारसमोरच्या स्टुलावर बसलेला असतो. बाटली उघडायची, फुटव्यांचा झुबका चिमट्याने काढायचा, कापायचा, नव्या अगारवर (पोषक द्रव्यांच्या जेलीवर) मांडायचा, झाकण लावायचं, नाव-तारीख टाकायची. हे दिवसभर आणि दर चार-पाच आठवड्यांनी पुन्हा. रोपाच्या किमतीत मोठा वाटा या हातांचा असतो.

बायोरिॲक्टर आला तो हे हात थोडे मोकळे करायला. अगार वगळायचा, रोपं पातळ माध्यमात वाढवायची, आणि बाटली न उघडता माध्यम आत-बाहेर करायचं. शोभेच्या झाडांसाठी ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये टाकायामा आणि मिसावा यांनी १९८१ मध्ये बिगोनियाची रोपं पातळ माध्यमात वाढवून दाखवली होती. अडचण एकच होती. सतत पाण्यात बुडालेलं रोप गुदमरतं, पानं काचेसारखी होतात. त्यावरचा तोडगा म्हणजे रोप थोडा वेळच भिजवायचं आणि उरलेला वेळ हवेत ठेवायचं. १९९५ मध्ये फ्रान्सच्या सिराड संस्थेतल्या टेसाँ आणि अल्वार यांनी या तत्त्वावरचं रीटा नावाचं भांडं मांडलं. १९९९ मध्ये क्युबातल्या एस्कालोना आणि सहकाऱ्यांनी अननसासाठी दोन जोडबाटल्यांची पद्धत प्रसिद्ध केली. आपण करणार आहोत ती या जोडबाटल्यांचीच घरगुती भावंड आहे.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचा निम्मा लेख तिच्याभोवती फिरतो. अगारच्या बरणीत जंतू शिरले तर पाच झुबके जातात. बायोरिॲक्टरमध्ये साठ झुबके एकच पाणी पितात. एकात जंतू असला की दोन दिवसांत सगळ्यांत. म्हणून बाटल्या जोडण्यापेक्षा बाटल्यांत काय जाणार आहे याची पारख जास्त वेळ खाते, आणि खाऊ द्यावी.

पीस लिलीच का

जरबेरा पातळ माध्यमात पटकन काचाळतो, ऑर्किडला धीर फार लागतो. पीस लिली, म्हणजे स्पॅथिफायलम, फुटवे चांगले देते, मुळं न मागता धरते आणि कापल्यावर माध्यम फारसं काळं करत नाही. शिवाय कुंडीतली झाडं घरात, ऑफिसात, हॉटेलात वर्षभर खपतात. उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावर ज्या नर्सऱ्या आहेत त्यांत चक्कर मारलीत तर सावलीच्या जाळीखाली ही ओळीने दिसेल. गड्डा फोडून रोपं करायला गेलात तर वर्षाकाठी एका झाडामागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात.

जात निवडताना कायद्याकडे बघा. आपल्याकडे वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. दुसऱ्याच्या हक्काखालची जात परवान्याशिवाय वाढवून विकणं म्हणजे पुढे नोटीस ओढवून घेणं. जुनी, मुक्त जात घ्या किंवा परवाना घ्या.

मातृझाड

पीस लिली अळूच्या कुळातली. खाज येते ती त्याच कारणाने, कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुयांमुळे. कापताना हातमोजे घाला. रोगही भाऊबंदकीतले. अळूवर येणारा डॅशीन मोझॅक विषाणू हिच्यावरही येतो आणि मावा किडीवाटे पसरतो. तेव्हा मातृझाडांच्या शेडजवळ अळूचा वाफा नको, मग वडीची कितीही आवड असो.

मातृझाड निवडताना पानांवर पिवळट-हिरवी नक्षी, चुरगळलेलं नवं पान, वेडंवाकडं फूल यांतलं काहीही दिसलं तर ते झाड बाद. दिसत नाही म्हणजे नाही असंही नसतं, म्हणून निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या पानाची एलायझा किंवा पीसीआर ही विषाणू चाचणी करून घ्या. एका झाडापासून हजारो रोपं होणार आहेत. त्यापुढे चाचणीचा खर्च किरकोळ आहे.

झाडं घेतली की तीन आठवडे वेगळी ठेवा. पाणी फक्त कुंडीच्या मातीत द्या, पानांवर आणि पोंग्यात थेंबही पडू देऊ नका. पीस लिलीची पानं एकमेकांना म्यानासारखी गुंडाळलेली असतात, त्यात पाणी साचलं की जिवाणूंची वसाहत तयार. अपवाद एकच: दर आठवड्याला कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा लिटरला एक ग्रॅम असा फवारा हलक्या हाताने द्या. पावसाळ्यात सुरुवात करू नका. आमच्याकडे जुलैत घेतलेले कोंब आणि फेब्रुवारीत घेतलेले कोंब यांच्या वाया जाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असायचा.

कोंब काढणं आणि निर्जंतुक करणं

झाड कुंडीतून काढा, मुळं छाटा, बाहेरची पानं एकेक करून बुडातून सोला. आत सुमारे दोन सेंटिमीटरचा पांढरट-पोपटी खुंट उरतो. तो नळाच्या वाहत्या पाण्याखाली अर्धा तास ठेवा. मग थेंबभर ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं हलवा आणि धुवा.

पुढचं काम लॅमिनारमध्ये. ७० टक्के अल्कोहोलमध्ये तीस सेकंद, मग एक टक्का क्रियाशील क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा-बारा मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं. आता आणखी दोन पानं सोला आणि अर्ध्या ताकदीच्या हायपोक्लोराइटमध्ये पुन्हा पाच मिनिटं बुडवा, पुन्हा तीनदा धुवा. दोनदा करण्याचं कारण वर आलंच आहे: म्यानाच्या आतली घाण पहिल्या फेरीत औषधापर्यंत पोचतच नाही. मर्क्युरिक क्लोराइड अजून पुष्कळ ठिकाणी वापरतात. ते काम करतं, पण पारा आहे. सांडपाण्याची नीट सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शेवटी तीन ते पाच मिलिमीटरचा कोंब उरेल असं छाटा आणि एका परीक्षानळीत एकच कोंब लावा. दोन लावायचा मोह होतो, नळ्या वाचतात. पण एक सडला की शेजाऱ्याला घेऊन जातो.

पहिलं माध्यम साधं आहे: मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं एमएस (पोषक क्षारांचं मिश्रण), साखर लिटरला ३० ग्रॅम, बीएपी (फुटवे आणणारं हार्मोन) १ ते २ मि.ग्रॅ., एनएए (त्याच्या जोडीचं हार्मोन) ०.१ मि.ग्रॅ., सामू (पीएच) ५.८, अगार ७ ग्रॅम. तयार पुडी वापरत असाल तर लेबल वाचा. काही पुड्यांत कॅल्शियम क्लोराइड नसतं, ते वेगळं घालावं लागतं. विसरलात तर महिनाभराने कोवळी शेंडी करपलेली दिसते आणि दोष विनाकारण पाण्यावर येतो. खोली २५ अंशांच्या आसपास, उजेड १६ तास.

लपलेले जिवाणू शोधणं

दोन महिन्यांनी हिरवेगार, स्वच्छ झुबके हातात असतील. अगारवर काही दिसत नाही, म्हणून थेट बायोरिॲक्टरकडे धावू नका. अळूच्या कुळात ऊतींच्या आत राहणारे जिवाणू ही नेहमीची डोकेदुखी आहे. अगारवर ते महिनोन्‌महिने गप्प बसतात, पातळ माध्यम मिळालं की उसळतात.

दोन परीक्षा घ्या. पहिली नजरेची. एका फेरीपुरतं अगारऐवजी जेलान (अगारसारखाच माध्यम गोठवणारा पदार्थ) वापरा. जेलान काचेसारखं पारदर्शक असतं. दहा-बारा दिवसांनी नळी काळ्या कागदासमोर धरा आणि बाजूने टॉर्चचा उजेड टाका. खोडाच्या बुडाशी, चहात दुधाचा एकच थेंब पडावा तसा धूसर ढग दिसला तर ती नळी बाद. अगारमध्ये हाच ढग दिसत नाही, कारण अगार मुळातच दुधी.

दुसरी परीक्षा रश्शाची. कापताना बुडाचा जो तुकडा टाकून देतो तो न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक पाण्यात) टाका, थोडं ग्लुकोज आणि यीस्ट अर्क घाला, २८ अंशांवर दहा दिवस ठेवा. पाणी गढूळ झालं की त्या कोंबापासून झालेली सगळी वंशावळ बाहेर. यासाठी प्रत्येक कोंबाला क्रमांक आणि त्याच्या प्रत्येक पिल्लाला त्याच क्रमांकाची शेपटी असायला हवी. वहीत हे नसेल तर परीक्षेचा उपयोग शून्य. एका जंतूवाल्या कोंबामुळे किती नळ्या टाकायच्या तेच कळत नाही.

अँटिबायोटिक घालून भागवता येईल का, असं हमखास विचारतात. जिवाणू मरत नाहीत, दबतात. औषध थांबवलं की परत येतात, तेही तोवर तुमच्याकडे हजार झुबके झालेले असताना. वीस कोंबांतले सहा स्वच्छ निघाले तर सहाच पुढे न्या.

बाटल्यांची जोडणी

जोडबाटल्यांची मूळ पद्धत अशी. एका बाटलीत माध्यम, दुसरीत रोपं, मधे सिलिकॉनची नळी. माध्यमाच्या बाटलीत हवा सोडली की माध्यम रोपांच्या बाटलीत जातं. ठरलेला वेळ झाला की दुसऱ्या बाजूने हवा सोडून ते परत ढकलायचं. दोन व्हॉल्व्ह, एक टायमर, एक तेलविरहित पंप. हवा आत शिरते तिथे आणि बाहेर पडते तिथे ०.२ मायक्रॉनचा, पाणी न शोषणारा फिल्टर.

आम्हीही अशीच बांधली होती. मे महिन्यातली शनिवार रात्र, वळवाचा पाऊस, वीज गेली. नेमकी भिजवणी चालू असताना. माध्यम वरती रोपांत चढलेलं, व्हॉल्व्ह बंद, परत ढकलायला हवाच नाही. पंप यूपीएसवर घ्यायला हवा हे वहीत लिहिलेलं होतं, घेतला नव्हता. वीज रात्रीच आली, पण टायमर मधेच अडकून राहिला. सोमवारी सकाळी कल्चर रूममधल्या ताईंनी हाक मारली, “सर, हे सगळे पोहतायत.” झुबके हिरवेच होते, फुगलेले. एक पान चिमट्यात धरलं तर कोवळ्या काकडीच्या सालीसारखं कट्ट करून मोडलं. आठ बाटल्या गेल्या.

त्यानंतर मी जोडणी बदलली आणि तीच तुम्हाला सुचवतो. रोपांसाठी बुडाशी तोटी असलेली पाच लिटरची जाड काचेची बाटली घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे ती ॲस्पिरेटर बाटली म्हणून मिळते. ती मांडणीच्या वरच्या फळीवर. माध्यमाची साधी बाटली खालच्या फळीवर. वरच्या तोटीपासून निघालेली सिलिकॉनची नळी खालच्या बाटलीच्या झाकणातून थेट तळापर्यंत न्या. खालच्या बाटलीला फिल्टरमार्गे हवा, आणि त्या हवेवर एकच तीन-तोंडी सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा) व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह चालू, हवा दाबते, माध्यम वर चढतं. व्हॉल्व्ह बंद, खालची बाटली बाहेरच्या हवेला मोकळी होते आणि माध्यम स्वतःच्या वजनाने खाली येतं. उतरताना ते वरच्या फिल्टरमधून ताजी हवाही आत ओढतं. वीज गेली तरी हेच होतं. टायमर अडकला तरी एकदा वीज गेली की रोपं कोरडी होतात. व्हॉल्व्ह निवडताना वीज नसताना बाटलीची बाजू मोकळी राहते, एवढं विक्रेत्याकडून खात्रीने विचारून घ्या.

दाब किती? दोन फळ्यांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटर धरलं तर तेवढं पाणी उचलायला जेमतेम ०.०४ बार लागतो. नळी आणि फिल्टरचा अडथळा, वरच्या बाटलीतल्या पाण्याची उंची धरून ०.२ बार भरपूर झाला. त्याहून जास्त लावू नका. काचेच्या बाटलीत दाब वाढवणं हा खेळ नाही. हवेच्या दाबाच्या नियंत्रकाला मीटर हवा आणि वरच्या बाटलीचा बाहेर जाणारा फिल्टर तुंबलेला नाही ना, हे रोज बघायला हवं. पावसाळ्यात दमट हवेने फिल्टर ओलावतात आणि हवा अडते. पंपानंतर सिलिका जेलची एक नळी लावली की हा त्रास बराच कमी होतो. खडे निळ्याचे गुलाबी झाले की भाजून पुन्हा वापरायचे.

आणखी एक बारीक गोष्ट. वरच्या बाटलीच्या तोटीच्या तोंडाशी स्टीलची जाळी बसवा आणि तळाशी काचेच्या गोट्यांचा एक थर द्या. जाळी नसेल तर एखादं पान तोटीवर बसतं आणि माध्यम उतरत नाही. गोट्या नसतील तर उरलेल्या थेंबभर पाण्यात बुडं भिजत राहतात.

प्लास्टिकच्या बाटल्या हलक्या आणि स्वस्त असतात. पॉलिप्रॉपिलीन चालतं. पॉलिकार्बोनेट दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण वारंवार ऑटोक्लेव्ह आणि तिखट साबण यांनी त्याला बारीक तडे जातात.

माध्यम आणि निर्जंतुकीकरण

अगारवरचं माध्यम जसंच्या तसं पातळ करून वापरलं की रोपं काचाळतात. पाण्यात हार्मोन रोपापर्यंत सरळ पोचतं, म्हणून बीएपी निम्म्यावर आणा: लिटरला ०.५ ते १ मि.ग्रॅ. एमएसमध्ये अमोनियम नायट्रेट १६५० मि.ग्रॅ. असतं, तेही निम्मं केलं तर पानं जास्त टणक राहतात. साखर ३० ग्रॅमच. पाच लिटरच्या बाटलीत दीड-दोन लिटर माध्यम पुरतं.

जोडणी पूर्ण करून मगच ऑटोक्लेव्ह करा. माध्यम खालच्या बाटलीत, मधली नळी चिमट्याने बंद, दोन्ही फिल्टर उघडे पण ॲल्युमिनियम फॉइलच्या टोपीखाली. फिल्टर ओला झाला तर हवा जात नाही. १२१ अंश, १५ पौंड दाब. दीड लिटर पाणी तापायला वेळ घेतं, म्हणून नळ्यांना देतो तेवढी पंधरा-वीस मिनिटं पुरत नाहीत. तीस मिनिटं द्या. वाफ आपोआप उतरू द्या. घाईने सोडलीत तर माध्यम उसळून फिल्टरला लागतं आणि तो फिल्टर तिथेच संपला.

मग रिकामी फेरी. रोपं न घालता यंत्रणा जोडा, टायमर लावा आणि सात दिवस चालू द्या. माध्यम लख्ख राहिलं तरच रोपं. गळकं झाकण, फाटका फिल्टर, सैल नळी हे सगळं या आठवड्यात कळतं, आणि तेही दीड लिटर माध्यमाच्या किमतीत. कामाची घाई असली की हाच आठवडा सगळ्यांच्या नजरेत भरतो. तो कापू नका.

झुबके भरणं

अगारवरचे, दोन्ही परीक्षा पास झालेले झुबके घ्या. तीन-चार फुटवे एकत्र राहतील असे तुकडे करा, उंची एक ते दीड सेंटिमीटर. एकेक फुटवा सुटा केला तर तो पाण्यात दमतो; फार मोठा झुबका ठेवला तर आतल्या फुटव्यांना उजेड मिळत नाही. बुडाचा अगार पुसून काढा, नाहीतर माध्यम ढगाळ दिसेल आणि जंतू की अगार हे कळणार नाही. लांब पानं निम्मी छाटा.

पाच लिटरच्या बाटलीत पन्नास-साठ झुबके. कमी टाकले तर जागा फुकट आणि वाढही रेंगाळते. जास्त टाकले तर तीन आठवड्यांत बाटली गच्च भरते आणि मधली रोपं पिवळी पडतात.

बाटलीचं तोंड मोठं असल्यामुळे ती लॅमिनारमध्ये जास्त वेळ उघडी राहते. दोघांनी मिळून भरा: एकाने कापायचं, दुसऱ्याने टाकायचं. आणि अल्कोहोलची बशी ज्योतीपासून लांब. हातमोज्यावर अल्कोहोल, समोर दिवा, हा अपघात प्रत्येक प्रयोगशाळेत एकदा होतो म्हणतात. चिमटे निर्जंतुक करायला काचमण्यांचं विजेवरचं यंत्र घेतलं की दिवाच लागत नाही.

पस्तीस दिवस

पहिला आठवडा: दर आठ तासांनी दोन मिनिटं भिजवणी. माध्यम वर पूर्ण चढल्यावरचा वेळ मोजा, व्हॉल्व्ह चालू झाल्यापासूनचा नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून दर सहा तासांनी तीन मिनिटं. हे आकडे सुरुवातीपुरते. तुमची खोली, जात, उजेड यांप्रमाणे बदलतील. पानं काचाळ दिसू लागली की आधी भिजवणीची संख्या कमी करा, मग बीएपी. टोकं सुकू लागली तर उलट.

काचाळलेलं रोप ओळखायला शिका. निरोगी पान मागून उजेड धरला तर एकसारखं हिरवं दिसतं आणि बोटाने वाकवलं तर वाकतं. काचाळलेलं पान जाड, अर्धपारदर्शक, कडेला पाणी भरल्यासारखं, शिरा अंधुक. पहिल्या दहा दिवसांत थोडी पानं अशी दिसली तर घाबरू नका, भिजवणी कमी केल्यावर नवी पानं सुधारून येतात. जुनी मात्र तशीच राहतात.

रोज सकाळी, चहाआधी, एक फेरी. माध्यम टॉर्चसमोर धरून बघायचं. नितळ पिवळसर म्हणजे ठीक. रेशमासारखी तरळ किंवा दुधी छटा म्हणजे जिवाणू. तळाला कापसाचे गोळे म्हणजे बुरशी. यीस्ट लबाड असतं, तळाशी पांढरी धूळ बसते आणि वरचं पाणी स्वच्छ दिसतं. बाटली किंचित हलवली की उठतं. शंका आली तर बाटली मांडणीवरून उतरवून वेगळ्या खोलीत न्या, तिथेच थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कल्चर रूममध्ये उघडायची नाही. बाद ठरली तर न उघडता आधी ऑटोक्लेव्ह, मग नाली. हे लिहिताना सोपं वाटतं. साठ झुबके आणि महिनाभराची मेहनत समोर दिसत असताना “अजून दोन दिवस बघू” असं मन म्हणतं. त्या दोन दिवसांत शेजारची बाटली जाते.

तिसऱ्या आठवड्यात माध्यमाचा सामू उतरलेला असतो, कारण रोपं अमोनियम आधी उचलतात. बाटली पस्तीस दिवसच चालवायची असेल तर हात लावू नका.

पस्तिसाव्या दिवशी बाटली उघडली की झुबके जाळीदार गुच्छ झालेले दिसतात. मोठे फुटवे मुळांसाठी, छोटे पुढच्या फेरीला. पण फेऱ्या मोजा. एकाच कोंबापासून आठ-दहा फेऱ्या झाल्या की थांबा आणि मातृझाडापासून नवी सुरुवात करा. पुढे गेलात की चुकार, म्हणजे मूळ जातीपेक्षा वेगळ्या निघालेल्या, रोपांचं प्रमाण वाढतं, आणि ते प्रयोगशाळेत दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या कुंडीत दिसतं.

मुळं

पातळ माध्यमाचा खरा आराम इथे आहे. शेवटच्या फेरीत झुबके बाहेर काढूच नका. लॅमिनारमध्ये फक्त खालची बाटली बदला: अर्धं एमएस, साखर २० ग्रॅम, बीएपी नाही, आयबीए (मुळं आणणारं हार्मोन) ०.५ मि.ग्रॅ. तीन आठवड्यांत फुटवे लांबतात आणि बहुतेकांना मुळं फुटतात. ज्यांना फुटली नाहीत तीही ट्रेमध्ये धरतात. पीस लिलीच्या बाबतीत मुळांसाठी बाटलीत अडून बसू नका.

हार्डनिंग

हार्डनिंग म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं. बाटलीतून काढलेल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. उघड्यावर अर्ध्या तासात ते मान टाकतं. म्हणून धुण्याच्या बादलीतून थेट ट्रेमध्ये, ट्रेमधून थेट प्लास्टिकच्या बोगद्यात.

रोपं कोमट पाण्यात दोनदा धुवा. अगार नसल्यामुळे हे काम झटपट होतं, पण साखर राहिली तर बुरशी धरते. कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवून उंचीप्रमाणे दोन-तीन गट करा. एका ट्रेमध्ये एकाच उंचीची रोपं, नाहीतर मोठी लहानांना झाकतात. माध्यम म्हणून धुतलेलं कोकोपीट. धुतलेलं म्हणजे खरंच धुतलेलं: विद्युत वाहकता (मिठाचं माप) एक मिलिसीमेन्स प्रति सें.मी.च्या खाली येईपर्यंत. किनाऱ्यावरच्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, आणि त्याचं पहिलं लक्षण पानाच्या टोकावर तपकिरी रेघ.

पहिला आठवडा प्लास्टिकच्या बोगद्यात, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, ७५ टक्के सावली. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ बोगद्याची टोकं उघडा, रोज थोडी जास्त वेळ. १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. चौथ्या आठवड्यात बोगदा काढा. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की फॅन-पॅडशिवाय (पंखे आणि ओल्या पडद्यांच्या गारव्याशिवाय) हे वेळापत्रक चालत नाही. त्या महिन्यांत बोगदा आठवडाभर जास्त ठेवा किंवा बाटल्या अशा बेताने लावा की रोपं जून-जुलैत बाहेर पडतील. पावसाळ्यात हवा मदत करते, पण कोकोपीटवर हिरवं शेवाळ आणि त्यावर शायरिड माश्या येतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट सापळे आणि ट्रे वरवर सुकू देणं, एवढ्याने बरंचसं आटोक्यात राहतं. आणि एखादं रोप बुडाशी सडून पाणी असूनही कोमेजलं तर तो ट्रेच बाहेर काढा; पीस लिलीची सिलिंड्रोक्लॅडियम मूळकूज पाण्यातून पसरते.

विक्री करणार असाल तर प्रमाणपत्राचा विचार आधी करा. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय प्रमाणन प्रणाली २००६ पासून आहे. प्रयोगशाळेची मान्यता, विषाणू चाचणी, नोंदवह्या हे सगळं त्यात बघतात. वर सांगितलेली कोंबाच्या क्रमांकाची वही तिथेही कामी येते.

उरलं चुकार रोपांचं. प्रत्येक बाटलीतून निघालेल्या रोपांपैकी दहा विकू नका, बाटलीचा क्रमांक लिहून स्वतःच्या शेडमध्ये मोठ्या कुंडीत लावा. पीस लिली आपणहून फुलायला वाट बघायला लावते, पण रोप आठ-नऊ महिन्यांचं झालं की जिबरेलिक आम्लाचा लिटरला २५० मि.ग्रॅ. असा एक फवारा पानांवर भरपूर दिला की साधारण तीन महिन्यांत फूल येतं. फवाऱ्यामुळे दांडे थोडे लांब आणि पहिली फुलं किंचित अरुंद येतात, ते धरू नका. फुलाचं दुहेरी पांढरं पान, हिरवीच राहिलेली फुलं, शेजाऱ्यापेक्षा निम्मी उंची, पानावर पांढरे पट्टे: दहांत असं एक दिसलं तर वही उघडून तो कोंब शोधा, आणि त्या कोंबाची जी बाटली अजून मांडणीवर फिरत असेल ती आजच उतरवा.